हेतू नसताना दोषी? उत्तेजक चाचणी आणि न्यायाचा प्रश्न

मागच्या वेळी आपण कर्म आणि हेतू यांचा संबंध पाहिला. शेवटी एका श्रोत्याने विचारलं होतं, की ग्रंथात हे सगळं ठीक आहे, पण व्यवहारात हेतूकडे न बघताच माणसाला दोषी धरणारे नियम असतात, त्यांचं काय? प्रश्न नेमका होता. त्याचं उत्तर शोधायला आज आपण खेळाच्या मैदानावर जाऊ. तत्त्वज्ञानाचा मास्तर डोपिंगवर काय बोलणार, असं कुणाला वाटलं तर थोडा धीर धरा.

वर्ष २०००, सिडनी ऑलिंपिक. रोमानियाची आंद्रेआ रादुकान, वय वर्षं १६. जिम्नॅस्टिक्समध्ये महिलांच्या वैयक्तिक ऑलराउंड प्रकारात तिनं सुवर्णपदक जिंकलं. काही दिवसांतच ते काढून घेतलं गेलं. कारण काय? तिला सर्दी झाली होती. संघाच्या डॉक्टरांनी गोळी दिली, तिनं ती घेतली. गोळीत स्यूडोएफेड्रिन होतं. चोंदलेलं नाक मोकळं करणारं हे औषध, पण तेव्हा ते निषिद्ध द्रव्यांच्या यादीत होतं. तिनं क्रीडा लवादाकडे दाद मागितली. अपील फेटाळलं गेलं. सुवर्ण तिच्याच संघातल्या सिमोना अमानारकडे गेलं.

आता नीट बघा हं. रादुकानवर खेळण्याची बंदी आली नाही. संघाचं सुवर्ण आणि व्हॉल्टमधलं रौप्य तिच्याकडेच राहिलं. डॉक्टरांना मात्र पुढच्या दोन ऑलिंपिकमधून बाहेर ठेवलं गेलं. म्हणजे या मुलीनं फसवणूक केली, असं निकाल देणारेसुद्धा म्हणत नव्हते. तरी पदक गेलं. हे कोणत्या न्यायात बसतं?

यामागचा नियम इंग्रजीतून आलेल्या ‘स्ट्रिक्ट लायेबिलिटी’ या नावानं ओळखला जातो. आपण त्याला ‘कठोर दायित्व’ म्हणू. तुझ्या शरीरात निषिद्ध द्रव्य सापडलं की नियमभंग झाला. ते कसं आलं, कुणी दिलं, तुला ठाऊक होतं की नाही, हे प्रश्न नंतरचे. १९९९ साली जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे ‘वाडा’ स्थापन झाली (पेशव्यांच्या वाड्याशी तिचा काही संबंध नाही बरं का!) आणि २००४ पासून तिची संहिता लागू झाली. तिचाही पाया हाच आहे.

चाचणी कशी होते? खेळाडूच्या लघवीचा नमुना दोन बाटल्यांत विभागतात, ‘ए’ आणि ‘बी’. बाटल्या त्याच्यासमोर सील होतात. त्यावर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. ‘ए’मध्ये काही सापडलं तर ‘बी’ उघडून तपासण्याची मागणी खेळाडू करू शकतो. ही व्यवस्था निःपक्षपाती आहे, कारण प्रयोगशाळेला माणूस दिसत नाही. पण त्यातच तिची मर्यादाही आहे. द्रव्य बाटलीत येतं, हेतू बाटलीत येत नाही.

म्हणून नियम करणाऱ्यांचं म्हणणं असं, की हेतू आम्ही सिद्ध करायचा ठरवलं तर एकही प्रकरण उभं राहणार नाही. पकडला गेलेला प्रत्येक जण ‘मला माहीत नव्हतं’ म्हणेल. त्यातलं खरं कोण आणि खोटं कोण, हे कसं ठरवणार? ही झाली सोयीची बाजू. पण केवळ सोय म्हणजे न्याय नव्हे. आणखी सबळ कारण हवं.

ते क्रिकेटमध्ये सापडेल. गोलंदाजाचा पाय रेषेपुढे पडला की पंच नो-बॉल देतात. तू मुद्दाम पाय टाकलास का, असं विचारत नाहीत. गोलंदाजही पंचांनी आपल्याला लबाड ठरवलं, असं म्हणत नाही. तो चेंडू नियमात बसला नाही, एवढंच. आता २०१० ची लॉर्ड्स कसोटी आठवा. पैशासाठी ठरवून टाकलेले नो-बॉल. पाय तसाच रेषेपुढे पडला, पण तिथे प्रश्न माणसाच्या सचोटीचा झाला आणि प्रकरण तुरुंगवासापर्यंत गेलं. कृती एक, निवाडे दोन. पहिला निवाडा चेंडूचा, दुसरा माणसाचा.

ही फोड आपल्याकडे फार जुनी आहे. मज्झिमनिकायात उपालि सुत्त आहे. त्यात वाद असा, की पापकर्मात सर्वांत भारी काय? निर्ग्रंथांची, म्हणजे जैनांची बाजू तिथे कायेला, शारीरिक कृतीला अधिक वजन देते. बुद्ध मनाला देतात. हे बौद्ध बाजूनं केलेलं कथन आहे, तेव्हा जैन मताचा तो पूर्ण न्याय नव्हे, हे लक्षात ठेवू. पण डोपिंगच्या संहितेत दोन्ही बाजू एकाच पानावर बसलेल्या दिसतात. स्पर्धेतला निकाल रद्द होतो तो कायेकडे बघून. बंदी किती वर्षांची, हे ठरतं मनाकडे बघून. खेळाडूचा काहीच दोष किंवा निष्काळजीपणा नव्हता असं सिद्ध झालं, तर बंदी पूर्ण टळू शकते. त्या स्पर्धेतलं पदक मात्र जातंच.

आमच्या मते पहिला भाग तत्त्वतः समर्थनीय आहे. परीक्षेत पर्यवेक्षकाच्या चुकीनं एका विद्यार्थ्याला अर्धा तास जास्त मिळाला, अशी कल्पना करा. त्याचा दोष शून्य. तरी ते गुण तसेच ठेवले तर बाकीच्यांवर अन्याय होतो.

पण थांबा. हा युक्तिवाद उभा आहे तो ‘लाभ झाला’ या गृहीतावर. सर्दीच्या गोळीनं जिम्नॅस्टला काय लाभ होतो? स्यूडोएफेड्रिन २००४ मध्ये यादीतून वगळलं गेलं. २०१० मध्ये ते परत आलं, पण मर्यादा बदलून. सिडनीच्या वेळी मर्यादा मिलिलिटरला २५ मायक्रोग्रॅम होती, नंतर ती १५० झाली. रेषाच अशी सरकत असेल, तर रेषेपलीकडे सापडलेल्या माणसाबद्दल बोलताना आपली जीभ जरा जपून चालली पाहिजे.

आता दुसरा भाग, मनाचा. इथे आपल्या मातीतलं प्रकरण घेऊ. नरसिंग यादव, तीन वेळा महाराष्ट्र केसरी. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकआधी त्याच्या नमुन्यात मेथांडिएनोन हे स्टेरॉइड सापडलं. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी ते मिसळलं, असं त्याचं म्हणणं. राष्ट्रीय संस्थेच्या, म्हणजे ‘नाडा’च्या शिस्तपालन समितीनं ते मान्य केलं. ‘वाडा’नं लवादाकडे अपील केलं. कटाचा दावा पुराव्यानं सिद्ध होत नाही असं ठरलं आणि कुस्तीच्या आदल्या दिवशी चार वर्षांची बंदी आली.

तो खरं बोलत होता की नाही, हे आपण इथे बसून ठरवू शकत नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. स्टेरॉइडसारखं द्रव्य सापडलं की हेतू होता असंच धरलं जातं. तो नव्हता, हे खेळाडूनं दाखवायचं. नेहमीच्या फौजदारी न्यायात आरोप सिद्ध करण्याचं ओझं आरोप करणाऱ्यावर असतं, इथे ते उलटं झालं. हे ओझं सगळ्यांना सारखं पेलत नाही. ज्याच्या दिमतीला डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि वकील आहेत, तो प्रत्येक डब्याची पावती दाखवू शकेल. जो सामायिक भोजनालयात जेवतो, वस्ताद देतील ती भुकटी दुधात ढवळून पितो, त्यानं आठवड्यांपूर्वीच्या घोटाचा पुरावा आणायचा कुठून? ‘जे पोटात जाईल त्याला तूच जबाबदार’ हे वाक्य न्याय्य ठरण्यासाठी, काय पोटात जातंय हे कळण्याची सोयही त्याला मिळायला हवी. नुसतं दायित्व द्यायचं आणि ज्ञान द्यायचं नाही, हा न्याय नव्हे.

तेव्हा श्रोत्याच्या प्रश्नाला आमचं उत्तर असं. हेतूकडे न बघता निकाल रद्द करणं रास्त असू शकतं, कारण तो निवाडा स्पर्धेचा असतो. हेतूकडे न बघता माणसाला कलंकित करणं रास्त नाही, कारण तो निवाडा माणसाचा असतो. आणि दुसरी चूक लवादापेक्षा आपणच जास्त करतो. बातमीत ‘चाचणीत दोषी’ वाचलं की आपण लगेच ‘चोर’ म्हणून मोकळे होतो. १६ वर्षांच्या मुलीचं पदक नियमानं नेलं. तिला लबाड म्हणा, असं मात्र नियमानं कधीच सांगितलं नव्हतं.

पुढच्या वेळी याच धाग्यावरून पुढे जाऊ. निषिद्ध म्हणजे नेमकं काय, आणि उंच डोंगरावर सराव करून रक्त बदललं तर चालतं, मग सुईनं का चालत नाही? विचार करून या.