मागाची मागणी

वर्ध्याजवळच्या नालवाडी गांवीं १९३२ सालीं विनोबा भावे राहावयास आले आणि १९३४ मध्यें तेथें ग्रामसेवा मंडळ स्थापन झालें. कातणाऱ्याच्या मजुरीवर पोट भरतें कीं नाहीं, याचा पडताळा विनोबांनीं स्वतः सूत कातून घेतला. अशा मजुरीच्या हिशेबांत हाताच्या वेगाइतकेंच कामाच्या ओघालाही महत्त्व असतें.

सरकी काढणें, पिंजणें, पेळू वळणें, कातणें आणि विणणें, अशी ही सांखळी आहे. प्रत्येकानें आपल्या वेगानें काम करून माल पुढें ढकलावा, असें प्रथमदर्शनीं वाटतें. पण पेळूंचा ढीग लागला कीं ते दबतात, त्यांवर धूळ बसते आणि सूत गाठाळ निघूं लागतें. म्हणून कातणाऱ्यानें एका बैठकीपुरते पेळू मागावे व पिंजणाऱ्यानें तेवढेच द्यावे. मग काम मागून ढकललें न जातां पुढून ओढलें जातें.

दुसरी गोष्ट लहान वाट्यांची. चार फुटांची एक तार, १६० तारांची लटी आणि चार लट्यांची गुंडी, असें सुताचें माप होतें. प्रत्येक लटीस सुताचा कस पाहिला, तर चूक १६० तारांतच सांपडते. महिन्याचें सूत एकदम विणकराकडे गेलें, तर तीच चूक मागावर कळते. धागा तुटतो, विणकराचा दिवस बुडतो, आणि दोष कोणत्या दिवसाच्या पिंजणीचा, हें कोणालाच सांगतां येत नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानांत टोयोटाच्या मोटार-कारखान्यांत ताइइची ओनो यांनीं हेंच तत्त्व बसविलें. पुढच्यानें जेवढे भाग उचलले, तेवढेच मागच्यानें करावयाचे, आणि ती मागणी कानबान नांवाच्या चिठ्ठीनें कळवावयाची.

याला मर्यादाही आहेत. कापूस वर्षांतून एकदां हातीं येतो, म्हणून सांठा करावाच लागतो. पण तो कापसाचा असावा, पेळूंचा नव्हे. तसेंच एका ताण्यापुरतें सूत जमल्याखेरीज माग लावतां येत नाहीं. विणकराचा वाटा त्याहून लहान होऊं शकत नाहीं.

या रीतीनें एखादा हात घटकाभर रिकामा राहील. त्यानें शेजारच्या अडलेल्या कामाला लागावें. रिकामा हात चटकन् डोळ्यांत खुपतो, ढीग मात्र खुपत नाहीं. परंतु त्या ढिगांत अडकलेली मजुरी कापड विकलें जाईपर्यंत कोणाच्याच पदरीं पडत नाहीं.