खाऱ्या पाण्यातला जोकर मासा : कारागिरांसाठी एक जोडधंदा

जव्हारजवळचे शिरपामाळ म्हटले की १६६४ सालची सुरतेची स्वारी आठवते. वाटेत शिवाजी महाराजांचा मुक्काम येथे पडला व जव्हारचे राजे विक्रमशाह यांनी त्यांचे स्वागत केले, अशी परंपरा आहे. समुद्र येथून बराच लांब. मग अशा डोंगरमाथ्यावर समुद्रातले मासे घरात पाळता येतील काय? येतील, आणि त्यात काचकाम, सुतारकाम व वायरिंग जाणणाऱ्यांना कामही मिळेल.

सुरुवातीला क्लाउन मासा, म्हणजे जोकर, उत्तम. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे, लांबी तीन-चार इंच, स्वभाव शांत. २००३ साली आलेल्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटाने तो घराघरांत पोहोचला. दोन लहान मासे एकत्र ठेवले तर त्यांतला मोठा मादी होतो, दुसरा नर. अशी जोडी पेटीत अंडीही घालते.

तीन फूट लांब, एक फूट रुंद व दीड फूट उंच काचेच्या पेटीत साधारण शंभर लिटर पाणी वापरावे. पाण्याचेच वजन शंभर किलो होते, तेव्हा स्टँड मजबूत लाकडी हवा. लोखंड खाऱ्या पाण्याने गंजते. घरातले आयोडीनयुक्त मीठ चालत नाही. मत्स्यपेटीसाठी मिळणारे समुद्री मीठ लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे शंभर लिटरला साडेतीन किलो लागते. तापमान २५ ते २७ अंश ठेवावे. थंडीत हीटर हवा. वीज गेली तर हवा चालू राहावी म्हणून बॅटरीवरचा पंप ठेवावाच. पाणी आटले की गोडे पाणी घालावे, कारण मीठ उडून जात नाही.

खरी चूक होते ती घाईत. नव्या पेटीत माशांच्या घाणीतून तयार होणारा अमोनिया पचवणारे जीवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी मासा सोडला तर तो बहुधा मरतो. गिऱ्हाईक दुकानदाराला दोष देते व पुन्हा फिरकत नाही. म्हणून पेटी आज विका, मासा महिना-दीड महिन्याने द्या. चार पैसे उशिरा मिळतील, पण गिऱ्हाईक टिकेल.

दुसरी गोष्ट कायद्याची. प्रवाळ व समुद्रघोडा २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले गेले. समुद्रातून काढलेले प्रवाळ किंवा प्रवाळाचे खडक विकणे हा गुन्हा आहे. शोभेसाठी साधे दगड किंवा सिरॅमिकचे तुकडे पुरतात.

मासाही समुद्रातून पकडलेला नको, पैदास केंद्रातला घ्यावा. तो पेटीला व कोरड्या खाद्याला सरावलेला असतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने जोकर माशांच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे. ऐरोली येथे कांदळवन प्रतिष्ठाननेही शोभिवंत सागरी माशांचे केंद्र उभारले आहे. क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्यात खरेदी करताना मासा कोठला, हे आधी विचारा.

हौशी बांधवांनी प्रथम एक पेटी स्वतःच्या घरात सहा महिने सांभाळावी. जी पेटी आपल्याला टिकवता आली, तीच दुसऱ्याला खात्रीने विकता येते.