चूक पोटात घालणारी गाडी

पहिली मोटरसायकल घ्यायची ठरली की घरात दोन प्रश्न हमखास निघतात. वडील ॲव्हरेज विचारतात, मुलगा सीसी विचारतो. गाडी मुलीला घ्यायची असेल तर तिसराच प्रश्न निघतो, ‘स्कूटर का नको?’ शोरूममधल्या माणसाला या सगळ्यांची उत्तरं तोंडपाठ असतात. तो वर हप्ता किती बसेल तेही सांगतो आणि व्यवहार पुरा होतो. ज्याला अजून क्लच नीट सोडता येत नाही, त्याच्या हातून पहिल्या सहा महिन्यांत होणाऱ्या चुकांचं ही गाडी काय करेल, हे मात्र कुणी विचारत नाही. नवशिका चुकणारच. वळणावर रेस जास्त दिली जाईल, कुत्रं आडवं आलं की ब्रेक करकचून दाबला जाईल, उतारावर थांबताना पाय भलतीकडे पडेल. एखादी गाडी यातल्या बहुतेक चुका पोटात घालते. दुसरी त्याच चुकीसाठी दवाखाना दाखवते. पहिली गाडी याच कसोटीवर निवडावी, असं माझं म्हणणं आहे. ॲव्हरेज, रंग, आवाज आणि मित्रांचं मत यांचा विचार त्यानंतर.

ही कसोटी आपली आपणच लावावी लागते, कारण आपला कायदा ती लावत नाही. शंभर सीसीच्या गाडीवर आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढून गिअरच्या मोटरसायकलचा परवाना मिळवलेला अठरा वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशी हजार सीसीची गाडी रस्त्यावर आणू शकतो, आणि ते पूर्णपणे कायदेशीर असतं. युरोपात तसं नाही. तिथे १२५ सीसीपर्यंतचा परवाना वेगळा, ३५ किलोवॉटपर्यंतच्या मधल्या गाड्यांचा वेगळा, आणि कितीही ताकदीची गाडी चालवायची तर मधल्या पायरीवर दोन वर्षं काढावी लागतात, नाहीतर साधारण चोविशी गाठावी लागते. जपानमध्ये ४०० सीसीच्या वरच्या गाड्यांसाठी स्वतंत्र परवाना लागतो. होंडा, यामाहा, सुझुकी आणि कावासाकी ज्या देशात जन्मल्या, त्या देशाला आपल्याच मोठ्या गाड्या नवशिक्याच्या हाती द्याव्याशा वाटत नाहीत, ही गोष्ट आपल्याकडच्या हौशी मंडळींनी लक्षात घ्यावी.

या कसोटीला आधार काय? मोटरसायकलच्या अपघातांचा एक गाजलेला अभ्यास अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या नेतृत्वाखाली झाला. लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे नऊशे अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली गेली आणि १९८१ मध्ये अहवाल निघाला. त्यात असं दिसलं की अपघात झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना ती विशिष्ट गाडी हातात येऊन पाच महिनेही झालेले नव्हते. रस्त्यावर गाडी चालवण्याचा त्यांचा एकूण अनुभव मात्र तीन वर्षांच्या घरात होता. शिवाय ९२ टक्के लोक स्वतःच, किंवा घरच्यांकडून वा मित्रांकडून शिकलेले होते. आपल्याकडे तर सोसायटीच्या मैदानात रविवारी सकाळी हेच चालतं. आता एखादा चलाख वाचक म्हणेल, की नवी गाडी हाच धोका असेल तर गाडी बदलायची कशाला, एकदाच मोठी घेऊन टाकावी! यात एक मेख आहे. पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याला गाडीही नवी असते आणि रस्ताही. रिक्षा कुठे वळेल, डंपरच्या मागे किती अंतर ठेवायचं, समोरच्या एसटीने डावीकडे दिवा लावला म्हणजे ती थांबणार की आपल्याला पुढे जायला सांगते आहे, हे सगळं त्याला त्याच वेळी शिकायचं असतं. दोन वर्षांनी गाडी बदलताना फक्त गाडी नवी असते. दोन्ही ओझी एकदम उचलायची असतील, तर त्यातलं एक जितकं हलकं करता येईल तितकं करावं.

हलकं म्हणजे शब्दशः हलकं. हिरो स्प्लेंडर भरते सुमारे ११२ किलो, होंडा शाइन १२५ तिच्याच आसपास. पल्सर १५० दीडशे किलोंच्या जवळ जाते, आणि रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० भरते १९५ किलो. ‘जड गाडी रस्ता धरते,’ असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. साठ-सत्तरच्या वेगात, सरळ रस्त्यावर, त्यात तथ्य आहे. पण नवशिका साठच्या वेगात क्वचित पडतो. तो पडतो पार्किंगमधून गाडी मागे घेताना, यू-टर्न घेताना, घाटात वाहतूक तुंबल्यावर चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवताना, बारीक खडीवर पाय टेकताना. अशा वेळी गाडी पाच अंश कलली की ११२ किलोंची गाडी मांडीने सावरता येते. १९५ किलोंची गाडी एका मर्यादेपलीकडे कलली की चांगल्या धडधाकट माणसालाही आवरत नाही, आणि पाय खाली सापडला तर मोडतो. यात सीटच्या उंचीची भर पडते. मिटिऑर ३५० ची सीट ७६५ मिलिमीटरवर आहे, हिमालयन ४५० ची ८२५ वर. कागदावर फरक सहा सेंटिमीटरांचा, पण पाच फूट चार इंचांच्या माणसासाठी दोन्ही तळपाय टेकणं आणि एकाच पायाचा चवडा टेकणं एवढा तो फरक आहे. आकड्यावरही पूर्ण विसंबू नये, कारण रुंद सीट मांड्या फाकवते आणि कमी उंचीची गाडीही उंच वाटायला लागते. म्हणून शोरूममध्ये गाडी मुख्य स्टँडवर उभी असताना वर बसून फोटो काढण्यात अर्थ नाही. ती स्टँडवरून काढायला सांगावी, इंजिन बंद ठेवून पायांनी चार पावलं मागे ढकलावी, साइड स्टँडवरून सरळ करून पाहावी. एवढ्यात दम लागला तर ती गाडी आज तुमची नाही.

वजनानंतर ताकद. सीसी हा शब्द इथे फसवतो. क्लासिक ३५० चं इंजिन वीसेक अश्वशक्तीचं, अंगाने संथ. तिची अडचण वजनाची आहे. यामाहा आर-१५ फक्त १५५ सीसीची, पण अठरा अश्वशक्तीची, उंच सीटची आणि पुढे वाकून बसायला लावणारी. शहरातल्या गर्दीत तिच्यावर नवशिक्याची मनगटं आणि मान दोन्ही कामाला लागतात. केटीएमची ३९० ड्यूक पल्सरपेक्षा फार जड नाही, पण तिची ताकद पंचेचाळीस अश्वशक्तीच्या घरात. स्प्लेंडरशी तुलना केली तर दर किलोमागे साधारण चौपट ताकद. खड्ड्यात चाक आदळलं की उजवं मनगट आपोआप थोडं फिरतं, हे नवशिक्याचं नेहमीचं. स्प्लेंडरवर त्याने इंजिन नुसतं कुरकुरतं. ड्यूकवर समोरच्या रिक्षाचा मागचा भाग जवळ येतो. ताकद आली तर तिच्या मापाचा ब्रेकही हवा, हे तर अनुभवी माणसालाही लागू. १९८३ मध्ये आलेली राजदूत ३५० अजून आठवणाऱ्यांच्या डोळ्यात पाणी आणते. पण ती यामाहाच्या ज्या गाडीवरून बेतली होती, त्या मूळ गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता आणि आपल्याला मिळाला ड्रम, हे त्या आठवणीत सहसा येत नाही.

ब्रेकबद्दल आपल्याकडे एक खुळी समजूत घट्ट बसली आहे, की पुढचा ब्रेक दाबला तर गाडी उलटते. त्यामुळे अनेक जण आयुष्यभर पायाच्या मागच्या ब्रेकवर गाडी चालवतात. खरं तर ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येतं आणि थांबवण्याचं बरंचसं काम तेच चाक करतं. हर्ट यांच्या अहवालातही हेच दिसलं, की संकटात सापडलेल्यांनी मागचं चाक जाम करून गाडी घसरवली होती आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नव्हता. आणि वेग दीडपट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर सव्वादोनपट होतं, हे गणित कुणाला चुकत नाही. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे. चाक जाम होऊ लागलं की ही यंत्रणा ब्रेकचा दाब क्षणाक्षणाला सोडते आणि पुन्हा देते. त्याखालच्या गाड्यांना निदान सीबीएस असतं, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. अमेरिकेतल्या वाहन-विमा क्षेत्राच्या सुरक्षा संस्थेने त्याच मॉडेलच्या एबीएस असलेल्या आणि नसलेल्या गाड्या ताडून पाहिल्या, तेव्हा एबीएसवाल्या गाड्यांच्या प्राणघातक अपघातांचं प्रमाण सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी निघालं. जूनच्या पहिल्या पावसात धूळ आणि तेल मिसळून रस्ता साबणासारखा होतो, तेव्हा नवशिक्याला एबीएसइतका उपयोगी दुसरा कुठलाही भाग गाडीवर नसतो. वळणात कललेल्या गाडीवर मात्र साधं एबीएस सगळं सावरू शकत नाही, हेही ठाऊक असावं.

आता सगळ्यात जोरकस आक्षेप. लहान गाडी हायवेवर अधिक धोकादायक, ट्रक मागे लागतात, ओव्हरटेक करायला पिकअप नसतो. यातला अर्धा भाग मला मान्य आहे. रोज पुणे-सातारा किंवा नाशिक-सिन्नर करणाऱ्याने शंभर सीसीच्या गाडीवर अडून राहू नये; त्याच्यासाठी एबीएस असलेली १५०-१६० सीसीची गाडी योग्य, आणि ती दीडशे किलोंच्या आत मिळते. पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, समृद्धी महामार्गावर आणि अटल सेतूवर दुचाकीला मुळातच प्रवेश नाही. ज्या रस्त्यांसाठी चारशे सीसी हवी असं वाटतं, तिथे ती जाऊच शकत नाही. दुसरे म्हणतात, दोष गाडीचा नसतो, चालवणाऱ्याचा असतो. हर्ट यांच्याच अहवालात मोठ्या इंजिनच्या गाड्या अपघातांत त्यांच्या संख्येच्या मानाने कमी दिसतात, हे खरंच आहे. पण मोठी गाडी बहुधा आधी लहान गाडीवर हात बसवलेला माणूस घेतो, आणि त्याच अहवालाने हेही नोंदवलं आहे की मोठ्या गाडीचा अपघात झाला तर इजा अधिक गंभीर असते. राहिला पैशाचा मुद्दा. दोन वर्षांत विकायची गाडी नवी घ्यावीच असं नाही. खपाच्या गाड्यांना जुन्या बाजारात गिऱ्हाईक लगेच मिळतं, सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात, आणि पडझड झाली तर आरसा, इंडिकेटर, लिव्हर हे काही शे रुपयांत बदलून होतं. थर्ड पार्टी विम्याचा हप्ताही इंजिनाच्या क्षमतेनुसार वाढत जातो, आणि सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर जीएसटी ४० टक्के, खालच्यांवर १८.

तेव्हा शहरात फिरायचं असेल तर ११० ते १२५ सीसी, हायवे असेल तर एबीएसची १५०-१६०, आणि साडेतीनशेची हौस दुसऱ्या गाडीसाठी राखून ठेवावी. पहिले दोन महिने डबल सीट नको. मागे साठ किलोंचा माणूस बसला की शिकलेला सगळा तोल बदलतो. (शिकाऊ परवान्यावर तर शिकवणाऱ्याखेरीज कुणाला मागे बसवताच येत नाही.) आणि बजेट ठरवताना आयएसआयचं, डोक्याला घट्ट बसणारं, हनुवटीही झाकणारं हेल्मेट आधी धरा, गाडी त्यातून उरलेल्या पैशांत बसवा. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात हेल्मेट न घालता दुचाकीवर मरण पावलेल्यांची संख्या ५० हजारांच्या वर होती.