दोन इंचांचे भांडण

आमची गल्ली लांबीला जेमतेम दीडशे पावले. पण नळाच्या हिशेबाने ती पुण्याहून साताऱ्याइतकी लांब होती. तोंडाशी राहणाऱ्यांकडे सकाळी सहाला पाणी येई, आम्हा मधल्यांकडे साडेसहाला, आणि अगदी टोकाला एकट्या राहणाऱ्या काकूंकडे आलेच तर साडेसातला, करंगळीएवढ्या धारेने. आठाच्या ठोक्याला चावीवाला येऊन चावी फिरवी. चौऱ्याहत्तर वर्षांच्या काकू मग तोंडाशी येऊन दोन कळशा नेत.

सन २०१८ च्या मे महिन्यात कळले की गल्लीतला जुना चार इंची नळ काढून सहा इंची टाकायचा बेत आहे. मंडळींचे म्हणणे ऐकण्यासाठी मारुतीच्या देवळात सभा भरली. नगरसेवक आले, कचेरीतले मोठे साहेब आले, आणि त्यांच्यामागे नकाशाची गुंडाळी व एक जड पिशवी सांभाळीत एक तरुण इंजिनिअर.

आता पुण्यात पाणी द्यायला कुणी आले, तरी आधी त्याची उलटतपासणी होतेच! एका निवृत्त गृहस्थांनी सुरुवात केली, "दोन इंचांसाठी सगळी गल्ली उकरणार? गेल्या मार्चमध्ये तर काँक्रीट ओतलंत. रस्त्याखाली नळ असतो, हे मार्च संपल्यावर कळलं का?"

साहेब म्हणाले, "रस्ते खातं वेगळं, पाणी खातं वेगळं." या उत्तरावर जो हशा पिकला, त्याने मारुतीरायही दचकला असेल.

मग इतिहास निघाला. तो निघाल्यावाचून आमच्याकडे सभा संपत नाही. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजच्या तलावातून जमिनीखालून पाणी शहरात आणले, वीज नाही की पंप नाही; १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि नळ कोरडे पडले, तेव्हा लोक त्याच जुन्या हौदांकडे धावले, वगैरे. तरुण इंजिनिअरने ते शांतपणे ऐकून घेतले.

"खरं आहे आजोबा. पण ते पाणी हौदापर्यंत यायचं, पुढे माणूस घागर न्यायचा. तिसऱ्या मजल्यावर न्हाणीघरात या, असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं."

मग त्याने पिशवीतून मागच्या गल्लीत निघालेला नळाचा तुकडा काढून फरशीवर ठेवला. बाहेरून चांगला चार इंची. आत गंजाचे थर बसून दोन इंचांचेही भोक उरले नव्हते. त्याने खडूने दोन वर्तुळे काढली. चारचा सहा इंच केला की तोंड सव्वादोनपट होते. पण मोठ्या नळात पाणी भिंतीला कमी घासते, म्हणून तेवढ्याच दाबाने ते जवळजवळ तिप्पट वाहते. निवृत्त गृहस्थांनी पाकिटामागे आकडेमोड केली आणि ते गप्प झाले. मला वाटले, झाले, सभा आटोपली.

"पण एक अट आहे," तो म्हणाला. "थेट नळाला लावलेले पंप काढावे लागतील. कायद्यानं मनाई आहेच, पण ते राहू द्या. पंप ओढतो तेव्हा नळात पोकळी होते. शेजारून ड्रेनेज गेलंय. सांधा गळका असला की तिथलं पाणी आत खेचलं जातं. आणि पंप राहिले तर बारा इंची नळ टाकला तरी शेवटच्या घराचं पाणी मधेच खेचलं जाणार. कुणाकुणाकडे आहेत?"

देवळात सामसूम. आमच्या गल्लीत टिल्लू पंप आहेत हे सर्वांना ठाऊक होते, आणि ते कुणाकडेच नाहीत हेही. मी मारुतीच्या शेंदराकडे निरखून पाहू लागलो.

बायकांच्या बाजूने सौ.चा आवाज आला, "आमच्याकडे आहे. न्हाणीघरात, पालथ्या घमेल्याखाली. सहा वर्षं झाली."

काकू वळल्या. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. "अगं, तो आवाज तुमचा होय? मला आपलं वाटायचं, कुणी तरी पहाटे उठून शिवण शिवतंय."

त्यानंतर एकेक हात वर होत गेला. तेवीस घरांच्या गल्लीत अकरा पंप निघाले. बारावा होता असा माझा अजून संशय आहे, पण ते गृहस्थ इतिहास सांगणारे, त्यांना कोण विचारणार?

गणपतीचा मांडव मधे आला, म्हणून खोदाई पुढे गेली. तीन आठवड्यांच्या कामाला तीन महिने लागले. जानेवारी २०१९ मध्ये नवा नळ सुरू झाला. पहिल्या दिवशी साडेसहाला सौ. काकूंकडे जाऊन आली. बादली भरत होती म्हणे, आणि काकू शेजारी पाट टाकून नुसत्या बघत बसल्या होत्या.

आमचा पंप वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे. भंगारवाला दारावरून गेला की सौ. माझ्याकडे पाहते. मी अजून तो दिलेला नाही.