समाजमाध्यमे आणि मराठी पॉप गीत : संजू राठोड यांचे उदाहरण

कॅसेटच्या काळात कोणते गीत श्रोत्यांपर्यंत पोहोचावे, हे प्रामुख्याने ध्वनिमुद्रण कंपन्या ठरवीत. जालन्यालगतच्या जळगाव जिल्ह्यातील संजू राठोड यांच्या उदाहरणात हा क्रम उलटलेला दिसतो. २०२४ मधील ‘गुलाबी साडी’ या गीताचे लेखन, स्वररचना व गायन त्यांचे असून संगीतनिर्मिती जी-स्पार्क यांची आहे. इन्स्टाग्रामवरील रील्समध्ये असंख्य लोकांनी त्याचा छोटा तुकडा वापरला. म्हणजेच प्रसाराचे कार्य श्रोत्यांनीच केले.

तथापि, मध्यस्थ नाहीसा झालेला नाही. कंपनीची जागा आता माध्यमाच्या अल्गोरिदमने घेतली आहे. तुकड्यालाच महत्त्व आल्याने ध्रुवपद बळकट होऊन कडवी दुर्लक्षित राहण्याचा संभव आहे. म्हणूनच अशा गीतांच्या भाषेचा व रचनेचा विचार अध्यापकांनी वर्गात करणे अगत्याचे ठरते.