आर्थिक निर्बंध

आर्थिक निर्बंध : एखाद्या राष्ट्राला आक्रमणापासून किंवा आंतरराष्ट्रीय दायित्वांच्या भंगापासून परावृत्त करण्यासाठी, अथवा अशा कृतीबद्दल त्याच्यावर दडपण आणण्यासाठी, अन्य राष्ट्रांनी त्याच्याशी असलेले व्यापारी, वित्तीय व वाहतूकविषयक संबंध अंशतः वा पूर्णतः तोडणे, यास आर्थिक निर्बंध म्हणतात. आयात-निर्यातबंदी, कर्जे नाकारणे, परकीय मत्ता गोठविणे व जहाजांना बंदरे बंद करणे हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. नाकेबंदीत वाहतूक शस्त्रबळाने अडविली जाते. निर्बंधांत मुख्यतः स्वतःच्या अधिकारक्षेत्रातील व्यवहार थांबविले जातात.

हे साधन प्राचीन आहे. इ. स. पू. सु. ४३२ मध्ये अथेन्सने मेगारा या नगरराज्याच्या व्यापाऱ्यांना आपल्या साम्राज्यातील बंदरे बंद केली. त्यानंतर लवकरच पेलोपनीशियन युद्ध भडकले. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाच्या संविदेतील सोळाव्या कलमाने या साधनाला सामूहिक सुरक्षिततेत स्थान दिले. १९२१ मध्ये या कलमाच्या नुसत्या धमकीनंतर यूगोस्लाव्हियाने अल्बेनियातून सैन्य मागे घेतले.

निर्बंधांचे प्रतिरोधक सामर्थ्य त्यांच्या अंमलबजावणीपेक्षा धमकीत अधिक असते. त्यासाठी तीन गोष्टी आवश्यक ठरतात : धमकी विश्वसनीय असणे, लक्ष्य राष्ट्राला पर्यायी पुरवठादार न मिळणे आणि माघार घेतल्यास निर्बंध उठतील अशी त्याला खात्री वाटणे. व्यापारी परावलंबन सहसा विषम असते. ज्याला संबंध तुटल्याने कमी झळ पोहोचते, त्याच्या हाती सत्ता येते, असे आल्बर्ट हिर्शमन यांनी १९४५ मध्ये दाखवून दिले. मात्र निर्बंध लादणाऱ्याचेही नुकसान होत असल्याने त्याची धमकी पुष्कळदा पोकळ मानली जाते.

इटलीने ऑक्टोबर १९३५ मध्ये इथिओपियावर आक्रमण केल्यावर सु. पन्नास राष्ट्रांनी निर्बंध लादले. परंतु खनिज तेल व कोळसा वगळण्यात आले, सुएझ कालवा खुला राहिला आणि अमेरिका राष्ट्रसंघाबाहेरच होती. इटली युद्धास प्रवृत्त होईल या भीतीने ब्रिटन व फ्रान्स यांनी कठोर उपाय टाळले. मे १९३६ मध्ये आदिस अबाबा पडले व जुलैमध्ये निर्बंध उठविण्यात आले.

जपानचे उदाहरण याच्या उलट आहे. त्याला लागणाऱ्या तेलापैकी सु. ८० टक्के तेल अमेरिकेतून येत असे. जुलै १९४१ मध्ये जपानी सैन्य दक्षिण इंडोचायनात शिरताच अमेरिकेने जपानी मत्ता गोठविली व तेलाचा पुरवठा वस्तुतः बंद झाला. ब्रिटन व नेदर्लंड्स यांनी तिचे अनुकरण केले. साठे संपत जाणार हे स्पष्ट असल्याने जपानपुढे चीनमधून माघार किंवा आग्नेय आशियातील तेलक्षेत्रांवर कब्जा हे दोनच मार्ग उरले. त्याने दुसरा मार्ग निवडला आणि ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला. इटलीच्या बाबतीत निर्बंध दुबळे होते म्हणून निष्फळ ठरले. जपानच्या बाबतीत ते इतके परिणामकारक होते, की त्यांनी युद्धाची घटिका जवळ आणली.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील एकेचाळिसाव्या कलमान्वये सुरक्षा परिषद निर्बंध लादू शकते. १९६६ मध्ये ऱ्होडेशियावर असे सक्तीचे निर्बंध प्रथमच लादले गेले. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेच्या साहाय्याने ऱ्होडेशियाने ते दीर्घकाळ चुकविले. १९९० पासून इराकवर घातलेल्या सर्वंकष निर्बंधांची झळ शासनापेक्षा सामान्य जनतेला अधिक बसली. त्यामुळे पुढे विशिष्ट व्यक्ती व संस्था यांपुरते मर्यादित निर्बंध पुढे आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये कठोर निर्बंधांचे इशारे आधीच मिळालेले असूनही रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. २०२१ मध्ये यूरोपीय संघाच्या वायू-आयातीचा सु. ४० टक्के भाग रशियातून येत होता. हे परावलंबन जितके रशियाला बांधणारे, तितकेच यूरोपचे हात अडविणारे होते.

सारांश, परस्परावलंबन युद्ध महाग करते, पण अशक्य करीत नाही. जेथे राज्यकर्ते भूप्रदेश, सत्ता वा प्रतिष्ठा यांना समृद्धीहून अधिक मोल देतात, तेथे निर्बंधांचा धाक अपुरा पडतो. आणि माघारीचा सन्मान्य मार्ग मोकळा न ठेवल्यास तो धाकच संघर्षाला कारण होऊ शकतो.