महिन्याभरात दहा किलो!

१९७६ साली अमेरिकेत रॉबर्ट लिन नावाच्या डॉक्टरांचं ‘द लास्ट चान्स डाएट’ हे पुस्तक आलं आणि लाखोंनी खपलं. जेवण बंद करायचं आणि दिवसभर द्रवरूप प्रथिनाचे घोट घेत राहायचं, एवढाच त्यातला उपाय. हे प्रथिन खाटीकखान्यात उरलेल्या कातडी-खुरांपासून काढलेलं आणि वर कृत्रिम स्वाद लावलेलं. पोटात जाणारी ऊर्जा दिवसाला ४०० कॅलरींच्याही आत. वजन खरोखरच झपाट्याने उतरत होतं, मग तक्रार कोण करणार?

पुढच्या वर्षी मृत्यूच्या बातम्या येऊ लागल्या. १९७७-७८ मध्ये अशा आहारावर असलेल्या सुमारे साठ जणांचे मृत्यू नोंदले गेले. त्यांतल्या सतरा जणांचा बारकाईने अभ्यास झाला. महिनोन् महिने या आहारावर राहून त्यांनी भरपूर वजन कमी केलं होतं आणि अखेर हृदयाचा ठोका बिघडून ते अचानक गेले.

त्या द्रवातलं प्रथिन कोलॅजेनचं होतं. शरीराला लागणारं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल कोलॅजेनमध्ये नसतंच. बाहेरून नीट प्रथिन मिळेना, तेव्हा शरीर स्वतःचेच स्नायू मोडून गरज भागवू लागतं. हृदय हाही स्नायूच, त्यामुळे तेही त्यातून सुटत नाही. त्यात पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घटलं, की ठोक्यांची लय सांभाळणारी विद्युत यंत्रणा अडखळते. वजनकाट्यावर मात्र चरबी गेली काय नि हृदयाचा स्नायू गेला काय, आकडा सारखाच उतरतो.

द्रवरूप प्रथिनाची ती बाटली इतिहासजमा झाली. पण साखरपुडा ते लग्न या दोन महिन्यांत काकडी, ताक आणि लिंबू-मधाच्या पाण्यावर राहणाऱ्या नवरीचा हिशेब फार वेगळा नसतो. पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरतात आणि घरचे कौतुक करतात. त्यात बराचसा वाटा पाण्याचा असतो. यकृत आणि स्नायूंमध्ये मिळून सुमारे अर्धा किलो ग्लायकोजेन साठलेलं असतं आणि त्याने आपल्या वजनाच्या तिप्पट तरी पाणी धरून ठेवलेलं असतं. साखरेचा हा साठा संपला, की ते पाणीही निघून जातं. पुन्हा भात-पोळी सुरू झाली, की दोन्ही परत येतात. केस गळायला लागतात ते मात्र दोन-तीन महिन्यांनी, लग्नाचे फोटो हातात येईपर्यंत. तोवर उपाशी दिवस विसरलेले असतात आणि खापर शाम्पूवर फुटतं.

पित्ताशयाचंही असंच. चरबी वेगाने वितळते तेव्हा यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. जेवणात स्निग्ध पदार्थ नसल्याने पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही, पित्त साचतं आणि त्यात खडे धरतात. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वजन उतरवणाऱ्यांमध्ये हा धोका स्पष्ट वाढलेला दिसतो.

उपासमारीचा शरीरावर आणि मनावर काय परिणाम होतो, हे मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये पाहिलं. युद्धाने उपाशी पडलेल्या युरोपला पुन्हा कसं खाऊ घालायचं, हे त्यांना शोधायचं होतं. ३६ धडधाकट तरुण स्वेच्छेने २४ आठवडे अर्धपोटी राहिले. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्श्याने घटलं. नाडी मंदावली, थंडी सहन होईना, चिडचिड वाढली. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवून तासन् तास वाचत बसत. या प्रयोगात त्यांना दिवसाला मिळत होत्या साधारण १५७० कॅलरी. आजचे कितीतरी ‘झटपट’ तक्ते याच्या निम्मंही देत नाहीत!

आणि एवढं सोसून उतरवलेलं वजन टिकतं का? ‘द बिगेस्ट लूझर’ या अमेरिकी टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. कडक आहार आणि प्रचंड व्यायामाने त्यांनी सरासरी ५८ किलो घटवले होते. सहा वर्षांत त्यांतले ४१ किलो परत आले. शरीराने विश्रांतीत जेवढी ऊर्जा जाळायला हवी, त्यापेक्षा ते दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमीच जाळत होतं.

कमी कॅलरींचा आहार म्हणजे सरसकट विष, असं मात्र नाही. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या चाचणीत मधुमेहींना तीन ते पाच महिने सुमारे ८५० कॅलरींवर ठेवलं आणि वर्षाअखेर ४६ टक्के जणांचा मधुमेह औषधांविना आटोक्यात होता. पण तिथे जीवनसत्त्वं-क्षारांसह आखलेला आहार होता, देखरेख होती, मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या. इन्सुलिन घेणाऱ्यांना तर चाचणीत घेतलंच नव्हतं. समाजमाध्यमांवरून उतरवून घेतलेल्या तक्त्यात यातलं काहीच नसतं.

म्हणून मधुमेहाची वा रक्तदाबाची औषधं चालू असतील, तर जेवणात मोठी कपात करण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि डाएटवर असताना छातीत धडधड झाली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लिंबू-पाणी पिऊन पडून राहू नका, त्याच दिवशी ईसीजी काढून घ्या.